संशोधनातील निष्कर्ष रुग्णाच्या खाटेपर्यंत कसे न्यावेत

संशोधनाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो. पण तो कोणत्या रुग्णांवर आणि कोणत्या देखरेखीखाली खरा ठरला, ही माहिती बहुधा मागेच राहते. शिरेतील कॅन्युलाच्या, म्हणजे औषध वा सलाईन देण्यासाठी शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या बाबतीत हे ठळकपणे दिसते, म्हणून सुरुवात तेथून करावी.

ठरावीक दिवसांनी कॅन्युला बदलावीच, असा दंडक अनेक रुग्णालयांत वर्षानुवर्षे होता. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत ३,२८३ रुग्ण होते. एका गटात कॅन्युला दर तिसऱ्या दिवशी बदलली गेली, तर दुसऱ्या गटात काही कारण दिसल्यावरच काढली गेली. शिरेचा दाह दोन्ही गटांत सारखाच, ७ टक्के आढळला. रुग्णाला विनाकारण पुन्हा टोचावे लागू नये, हा लाभ उघडच होता. पुढे जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनी हीच पद्धत स्वीकारली, तेव्हा मात्र कॅन्युलामुळे होणारे रक्तातील जंतुसंसर्ग वाढले आणि मुदतीचा नियम परत आणल्यावर ते घटले. चार लाखांहून अधिक कॅन्युलांची ही पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती यादृच्छिक चाचणी (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटून केलेली) नव्हती, त्यामुळे तिच्यावरून कारण ठामपणे सांगता येत नाही. तरीही, माझ्या मते, ‘गरज पडेल तेव्हा बदला’ या सूचनेत ‘प्रत्येक पाळीत नीट पाहा’ ही सूचना गृहीत धरलेली असते, आणि जेथे असे पाहणे होत नाही तेथे मुदतीचा नियम सोडण्यात धोका आहे.

पाहताना केवळ पारदर्शक पट्टीवरून नजर फिरवू नये. टोचल्या जागेपासून शिरेच्या दिशेने बोट हलकेच फिरवावे; दोरीसारखा कडकपणा, ऊब किंवा सूज लागते का ते पाहावे, आणि दुखते का हे रुग्णाला विचारावे. यांपैकी काहीही आढळल्यास, किंवा पट्टी ओली वा सुटलेली असून कॅन्युला हलत असल्यास, पुढच्या पाळीवर न सोपवता त्याच वेळी निर्णय घ्यावा. मग शेवटचा प्रश्न स्वतःला विचारावा: या कॅन्युलातून आज काही द्यायचे आहे का? ‘असू दे, लागली तर’ म्हणून ठेवलेली रिकामी कॅन्युला हाच संसर्गाचा सर्वांत सहज टाळता येणारा मार्ग आहे. काढण्याचे कारण आणि वेळ नोंदवहीत लिहावी.

रक्तदाबाचे प्रकरण त्यामानाने सोपे आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३३ प्रौढांच्या चाचणीत, टेबलावर टेकवलेल्या हाताच्या तुलनेत, मांडीवर ठेवलेल्या हातात वरचा रक्तदाब सरासरी सुमारे ४ आणि बाजूला लोंबत्या हातात सुमारे ६.५ मिलिमीटर अधिक भरला. हात हृदयाच्या पातळीखाली गेला की रक्ताच्या स्तंभाचा भार मोजमापात मिळतो, म्हणून हे घडते. कफच्या, म्हणजे रक्तदाब मोजताना दंडाला बांधायच्या पट्ट्याच्या मापाने होणारी चूक याहून मोठी असू शकते: २०२३ च्या एका चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठा कफ हवा होता त्यांना नेहमीचा कफ बांधल्यावर वरचा आकडा सरासरी १९.५ मिलिमीटरने वाढला. म्हणून पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकलेली आणि पावले जमिनीवर ठेवून, दंडाच्या घेरानुसार निवडलेला कफ उघड्या दंडावर बांधावा आणि हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा. रुग्ण खाटेवर कुशीवर वळलेला असेल, तर ती स्थिती आकड्याशेजारी लिहिणे उत्तम, कारण पुढची परिचारिका आपल्या आकड्याशीच तुलना करणार असते.

मुखस्वच्छतेचे काम घाईच्या वेळी सर्वांत आधी मागे पडते. पण १५ चाचण्यांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात, ब्रशने दात घासण्याचा संबंध रुग्णालयात होणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी असण्याशी दिसून आला. हा लाभ कृत्रिम श्वसनावरील रुग्णांत स्पष्ट होता, इतरांत तितका नव्हता. दिवसातून दोनदा घासणे आणि त्याहून अधिक वेळा घासणे यांत विशेष फरक दिसला नाही, ही माणसांची कमतरता असलेल्या अतिदक्षता विभागाला दिलासा देणारी बाब आहे. रुग्णाचे डोके ३० ते ४५ अंश उचलावे, लहान मऊ ब्रश वापरावा, हिरड्यांच्या कडेने हळू घासावे आणि सक्शन (तोंडातील द्रव ओढून घेणारी नळी) हाताशी ठेवून तोंडात साचलेले पाणी लगेच ओढून घ्यावे. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने तोंड धुतले म्हणजे ब्रशची गरज उरत नाही, असे मात्र समजू नये. कृत्रिम श्वसनावरील रुग्णांसाठी त्याचा नेमाने वापर करण्याची शिफारस २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शनाने केलेली नाही.

पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे यंत्र, याविषयी एवढेच: २०२० मधील एका अमेरिकी अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतील ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, तर श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के होते. गडद वर्णाच्या रुग्णाला धाप लागली असेल किंवा त्याची शुद्ध मंदावत असेल, तर यंत्रावरील ९४ वर न थांबता श्वसनाचा वेग पूर्ण एक मिनिट मोजावा आणि धमनीरक्ताच्या तपासणीसाठी डॉक्टरांना कळवावे.