गावचं घर, शहरातला फ्लॅट: कुलूप लावण्याआधीची तयारी

पावसाळा पुण्यात किंवा डोंबिवलीत, आणि दिवाळीपासून मे अखेरपर्यंत कोकणात गावी. निवृत्तीनंतर वर्षाची अशी वाटणी करणारी जोडपी आता वाडीवाडीत दिसतात. तयारी म्हटलं की सगळे आधी बॅगा भरायला घेतात. पण जिथे जायचं तिथे काही विसरलं तर दुकानातून आणता येतं. जिथून निघायचं त्या घरात पुढचे कित्येक महिने कोणीच नसतं. म्हणून यादी करायची ती मागे राहणाऱ्या घराची.

गावच्या घराचं काम जास्त, कारण ते भर पावसात बंद राहतं. कौलारू घर असेल तर शाकारणी, म्हणजे कौलं चाळून पुन्हा नीट बसवणं, आधी. मे महिन्यात सगळ्या वाडीला एकच माणूस हवा असतो, तेव्हा त्याला शिमग्यालाच सांगून ठेवावं आणि फुटलेल्या कौलांच्या बदली थोडी जास्तीची कौलं आणून ठेवावीत, कारण उरलेली कामगिरी माकडं करतात. मृगाच्या भरवशावर राहू नये. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला होता आणि कोकणातल्या कित्येकांची शाकारणी अर्धवट राहिली. छपरावर आलेल्या फांद्या तोडायच्या, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, पावसाची झड ज्या बाजूने येते त्या पडवीला झड्या (झावळ्यांचे आडोसे) बांधायच्या. आत वाळवीसाठी लाकडी सामान भिंतीपासून हातभर पुढे ओढायचं आणि पायांखाली फरशीचे तुकडे द्यायचे. गाद्या, गोधड्या कडक उन्हात वाळवून पत्र्याच्या पेटीत. कपाटांची दारं मात्र घट्ट लावू नयेत, नाहीतर गणपतीला आल्यावर कपड्यांवर बुरशी. फ्रीज कोरडा पुसून त्याच्या दारात फडका अडकवून ठेवायचा. मेन स्विच बंद, इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण भरून वायरी सोडवलेली, स्कूटरच्या बॅटरीचंही तसंच, सिलिंडरचा रेग्युलेटर काढलेला.

मग किल्ली. ती बहुतेक वेळा शेजारच्या भावबंदाकडे जाते, आणि इथेच माझं स्पष्ट मत आहे: पैसे ठरवून द्यावेत. उघडीप मिळेल तेव्हा दारं-खिडक्या उघडणं, गळतंय का ते माळ्यावर चढून बघणं, विहिरीवरचा पंप अधूनमधून चालवणं हे काम आहे. नात्याच्या नावाखाली फुकट करून घेतलं की दुसऱ्या पावसाळ्यात फोन उचलला जात नाही. महिन्याची रक्कम ठरली की त्यालाही विचारायला संकोच नाही आणि आपल्यालाही नाही. देवांचं आधीच ठरवावं. काही जण टाक आणि बाळकृष्ण डब्यातून बरोबर नेतात, काही जण भावबंदांच्या देव्हाऱ्यात ठेवतात. दोन्ही रीती चालत आल्या आहेत. निघायच्या दिवशी त्यावर वाद नको एवढंच. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा मात्र दार उघडं हवं. तेवढ्या दिवसांत शहरात काही काम काढू नये.

फ्लॅटचं भय वेगळं: पाणी. आपल्या बंद स्वयंपाकघरातला नळ खालच्याच्या छतातून गळायला लागला की सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहत नाही. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद, वॉशिंग मशीनचा नळ बंद, गीझर बंद, पाइप गॅसचा व्हॉल्व्ह बंद. मोरीच्या जाळीत भरपूर पाणी ओतून वर थोडं गोडंतेल सोडावं. तेलाच्या थरामुळे आतलं पाणी लवकर आटत नाही आणि झुरळं वर येत नाहीत. बाल्कनीला जाळी नसेल तर परत आल्यावर कबुतरांचा संसार आवरायचा. किल्ली वॉचमनकडे नको, ओळखीच्या शेजाऱ्याकडे द्यावी. मेंटेनन्स बँकेतून परस्पर जाईल असं करून ठेवावं. बंद घर आहे म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज मागितला तर घाबरू नये. तो भाड्याने दिलेल्या फ्लॅटला लागतो, आणि तोही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच.

कागदांत सगळ्यात मोठी अडचण गावच्या घराची असते. वीजमीटर आजोबांच्या नावावर, घरपट्टी वडिलांच्या, सातबाऱ्यावर सगळे काका. वीज तोडली गेली की नव्या जोडणीसाठी सह्या गोळा करत फिरावं लागतं, आणि बंद घरालाही स्थिर आकाराचं बिल येतच राहतं. तेव्हा वारस नोंद, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीची नोंद) आणि मीटरचं नाव हे पहिल्याच मुक्कामात मार्गी लावा, बिल मोबाइलवर येईल अशी नोंद करा. रंगरंगोटी नंतर. प्राप्तिकराची धास्ती नको: आर्थिक वर्ष २०१९-२० पासून स्वतःच्या वापरातल्या दोन घरांचं वार्षिक मूल्य शून्य धरता येतं. मत एकाच ठिकाणी. दोन्ही मतदार याद्यांत नाव ठेवणं कायद्याला धरून नाही, म्हणून ग्रामपंचायत की महापालिका ते नवरा-बायकोने एकदा ठरवून टाकावं (दोघांचं उत्तर एकच येईल असं नाही). हयातीचा दाखला नोव्हेंबरात, म्हणजे नेमका गावी असताना लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. आता जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून घरबसल्या होतं, फक्त गावात रेंज कुठल्या झाडाखाली येते ते माहीत हवं.

तब्येतीची तयारी गावाच्या बाजूने करायची. छातीत दुखलं तर कुठे जायचं, हे दुखायच्या आधी ठरवावं. चिपळूणच्या आसपास असाल तर डेरवणचं वालावलकर रुग्णालय, नाहीतर रत्नागिरी, आणि तिथवर रात्री किती वेळ लागतो ते एकदा खरंच गाडीने जाऊन बघावं. १०८ ला फोन करताना वाडीची खूण कशी सांगायची तेही ठरलेलं हवं. कोकणात फुरसं फार. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असतं का ते विचारून ठेवा, आणि रात्री परसात जाताना बॅटरी व बंद बूट. सत्तरी पूर्ण झाली असेल तर आयुष्मानचं वय वंदना कार्ड काढून घ्या. वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. आणि गावच्या न्हाणीघरात कमोड व धरायला दांडा, हे झोपाळ्याच्या आधी.

प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, एसटीत मात्र ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि बायकांना २०२३ पासून अर्धंच. त्यामुळे तिकीट काढताना आमच्याकडे बाई पुढे असते.

कुत्रा पाळू नका. दोन घरांत माणूस राहू शकतो, कुत्र्याचे हाल होतात. मांजर आपली सोय शेजारी बघते.

उरतं सामान. चष्मा, रक्तदाब मोजायचं यंत्र, चार्जर, चपला, रोजची भांडी, महिनाभराच्या गोळ्या ही दोन्हीकडे ठेवावीत, म्हणजे हातात एकच पिशवी राहते. दागिने आणि मूळ कागद एकाच जागी, बँकेच्या लॉकरमध्ये, आणि त्यांच्या झेरॉक्स दोन्हीकडे. दोन्ही घरांत कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवावा: प्लंबर, गॅस, डॉक्टर, सर्पमित्र, किल्लीवाला शेजारी, महावितरणचा वायरमन. वायरमनचा नंबर मात्र दर वर्षी पोचल्यावर नव्याने विचारून घ्यावा, त्याची बदली झालेली असते.