नियमांना न जुमानणाऱ्या डिटेक्टिव्हचा दुसरा चित्रपट: पटकथा लिहिण्याची एक पद्धत

अ‍ॅक्शन कॉमेडीचा सीक्वेल लिहायला घेण्यापूर्वी पहिल्या चित्रपटात प्रेक्षक नेमके कोणत्या क्षणी हसले होते, याची प्रसंगवार यादी करावी. ‘नायक गमत्या आहे म्हणून’ हे उत्तर अपुरे आहे. १९८४ चा ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ या दृष्टीने पुन्हा पाहावा. एडी मर्फीने साकारलेला अ‍ॅक्सेल फोली हा डेट्रॉइटचा डिटेक्टिव्ह बेव्हर्ली हिल्समध्ये येऊन वाटेल तसे वागतो. पण हशा पिकतो तो त्याच्या मागावर ठेवलेल्या टॅगर्ट आणि रोझवूड या दोन शिस्तप्रिय पोलिसांच्या चेहऱ्यांवर. नियम मनापासून पाळणारा माणूस समोर असेल, तरच नियम मोडण्यात गंमत येते. सीक्वेलची खरी अडचण इथेच सुरू होते, कारण पहिल्या चित्रपटाच्या शेवटी हे विरोधक नायकाचे मित्र झालेले असतात.

म्हणून कथानक रचण्याआधी एकच प्रश्न सोडवावा: या वेळी नायकाला अडवणार कोण? १९८७ च्या दुसऱ्या भागात ही जागा लुट्झ या नव्या पोलीसप्रमुखाला दिली आहे. युक्ती योग्य आहे, पण माझ्या मते ती अर्धीच साधली आहे. लुट्झ आरडाओरडा खूप करतो, मात्र त्याचे म्हणणे बरोबर असावे असे क्षणभरही वाटत नाही. पहिल्या भागातील टॅगर्टचा आक्षेप रास्त होता, त्यामुळे त्याचे हळूहळू विरघळणे पाहताना आनंद होत होता. आपल्या पटकथेत अडवणाऱ्या पात्राला किमान एका प्रसंगात असा मुद्दा द्यावा की ज्याचे उत्तर नायकाकडे नसेल. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या चौथ्या भागात हे काम नायकाच्या मुलीकडे सोपवले आहे. ती फौजदारी खटल्यांत आरोपींची बाजू मांडणारी वकील आहे, वडिलांपासून दुरावलेली आहे आणि तिची तक्रार खोटी नाही. त्यामुळे बापलेकींच्या प्रत्येक संवादाला आपोआप वजन येते.

त्यानंतर नायकाला घराबाहेर काढणारे कारण शोधावे. पहिल्या भागात अ‍ॅक्सेलच्या जुन्या मित्राचा खून होतो. दुसऱ्या भागात बेव्हर्ली हिल्सचाच अधिकारी बोगोमिल गोळीबारात गंभीर जखमी होतो. हा फरक नीट लक्षात घ्यावा. बोगोमिलशी जडलेले नाते पहिल्या चित्रपटाने कमावून ठेवले होते आणि सीक्वेलने तेच भांडवल वापरले, त्यामुळे प्रेक्षकाला वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही. नवा, अनोळखी ‘जिवलग मित्र’ पहिल्या दहा मिनिटांत आणून मारून टाकण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी प्रामाणिक आहे.

नायकाचा स्वभाव मात्र बदलू नये. बदल सोबत्यांमध्ये करावेत. दुसऱ्या भागातील रोझवूडला शस्त्रांचे विलक्षण वेड लागलेले दिसते, तर टॅगर्टच्या घरी बेबनाव झालेला असतो. दोघांच्याही आयुष्यात मधल्या काळात काहीतरी घडले आहे, हे एवढ्यानेच कळते. १९९४ च्या तिसऱ्या भागात टॅगर्ट नाही आणि बोगोमिलही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तो चित्रपट फिका वाटण्याचे हे एक मोठे कारण आहे, कारण एकट्या रोझवूडवर तिघांचा भार पडतो.

थापा मारून आत शिरण्याचे प्रसंग हा या प्रकारच्या चित्रपटाचा प्राण आहे आणि लिहिणाऱ्याचा तोल सर्वांत जास्त वेळा इथेच जातो. प्रत्येक थापेला दोन कसोट्या लावाव्यात. पहिली म्हणजे त्या थापेतून नायकाला कथेसाठी आवश्यक असे काही मिळते का: एखादा पत्ता, एखादे नाव, बंद दारापलीकडचा प्रवेश. दुसरी म्हणजे ऐकणारा माणूस त्या थापेवर का विश्वास ठेवतो. दुसऱ्या भागात अ‍ॅक्सेल दुरुस्ती चालू असलेला एक आलिशान बंगला कामगारांशी थापा मारून राहण्यासाठी बळकावतो. तो प्रसंग रंगतो, कारण वरिष्ठाच्या आवाजात बोलणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची कामगारांना सवय नसते. नायकाने त्यांच्यातील हीच सवय हेरलेली असते. ऐकणाऱ्याला निव्वळ मूर्ख ठरवून लिहिलेली थाप दुसऱ्यांदा पाहताना हसवत नाही.

गुन्ह्याची कथा स्वतंत्रपणे, एकही विनोद न घालता, आधी लिहून काढावी. पहिल्या भागाची पटकथा एका टप्प्यावर सिल्व्हेस्टर स्टॅलोनसाठी आकार घेत होती आणि त्याला ती गंभीर मारधाडीकडे न्यायची होती. नट बदलला तरी खून, तस्करी आणि तपास यांचा सांगाडा टिकून राहिला. खलनायकाला विनोद देऊ नयेत. त्याची भीती वाटली, तरच नायकाच्या बडबडीला धाडसाचे रूप येते.

पाठलाग आणि गोळीबार यांची आखणी करताना दिग्दर्शकाचा पिंडही विचारात घ्यावा. दुसरा भाग टोनी स्कॉटने ‘टॉप गन’च्या पुढच्याच वर्षी केला आणि त्याची गती, चकाकी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. अशा हातात पटकथा जाणार असेल, तर संवादांचे प्रसंग कथेत इतके घट्ट विणावेत की संकलनात ते कापताच येऊ नयेत.

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर नायकाचे सगळे संवाद झाकून उरलेली पाने वाचावीत. ज्या प्रसंगात बाकीच्या पात्रांना स्वतःचे असे काहीच हवे नसते आणि ती नुसती नायकाच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत उभी असतात, तो प्रसंग त्या पात्रांच्या बाजूने पुन्हा लिहायला घ्यावा.