जुना रोलचा कॅमेरा आतून कसा साफ करायचा, आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही

बाबांचा पेंटॅक्स के१००० गेली कित्येक वर्षं लोखंडी कपाटात लेदरच्या केसमध्येच होता. १९७६ ला आलेलं हे मॉडेल १९९७ पर्यंत बनत होतं, उजेड मोजणारं मीटर सोडलं तर सगळं मेकॅनिकल, त्यामुळे शटर, म्हणजे रोलसमोरचा क्षणभर उघडणारा पडदा, अजूनही खणखणीत वाजतं, पण मागचं दार उघडलं आणि बोटाला काळं चिकट काहीतरी लागलं, उन्हात वितळलेल्या डांबरासारखं. तुमच्याकडे असा एखादा एसएलआर (लेन्समधूनच, आरशावरून दृश्य दाखवणारा कॅमेरा) असेल तर हे वाचून मगच हात लावा.

दार उघडायच्या आधी आत रोल नाही ना ते बघायचं. रिवाइंडचा हँडल बाणाच्या दिशेने हळू फिरवा, सैल फिरत राहिला तर कॅमेरा रिकामा, ताण लागला तर रोल आहे. मग तळाचं छोटं बटण दाबून तो पूर्ण गुंडाळून घ्यायचा आणि मगच उघडायचं, कारण त्या रोलवर घरातल्या कुणाचे फोटो असतील काय सांगावं.

सामान फार लागत नाही. रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, टूथपिक, इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, प्लास्टिक खातो. शिलाई मशीनचं तेल किंवा स्प्रेवालं तेल तर कुठेच नको, ते पसरत पसरत शटरपर्यंत जातं आणि मग कॅमेरा उघडण्याशिवाय इलाज राहत नाही.

खरं काम त्या काळ्या चिकट्याचं. तो मुळात फोम होता, दाराच्या फटीतून उजेड आत येऊ नये म्हणून लावलेला, आणि वर्षानुवर्षांत तो असाच विरघळतो. काढायच्या आधी शटरच्या खिडकीवर कागदाचा तुकडा ठेवून कडेला हलकी पेपर टेप लावा, म्हणजे कण शटरवर पडणार नाहीत. टूथपिकच्या टोकाने खाचेतला फोम पुढे ढकलत ढकलत काढायचा (स्क्रूड्रायव्हर नको, काळा रंग निघाला की तिथला धातू चमकतो), मग अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला इअरबड फिरवायचा. एका बडने भागत नाही, मला पंधरा-वीस लागले. बड काळा झाला की टाकायचा, तोच पुन्हा फिरवला तर घाण नुसती इकडून तिकडे जाते. रोल ज्या चकचकीत पट्ट्यांवरून सरकतो त्याही पुसून घ्या आणि दारावरची चपटी प्लेट कोरड्या मऊ कापडाने, कारण तिथे वाळूचा एक कण राहिला तरी रोलच्या छत्तीसही फोटोंवर लांबच लांब आडवी रेघ येते.

शटरला हात लावायचाच नाही. के१००० चं शटर रबर लावलेल्या कापडाचं आहे, बोट लागलं की सुरकुती पडू शकते. कॅमेरा उलटा, उघडी बाजू खाली करून लांबूनच ब्लोअर मारा, धूळ आपोआप खाली पडते. डब्यातली दाबाची हवा नको, तोंडाने फुंकर तर मुळीच नको, थुंकीचे बारीक थेंब जातात.

लेन्स काढल्यावर दिसतो तो आरसा. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा पुढे, उघडा. मी तो चष्म्याच्या कापडाने एकदाच पुसला आणि केसासारखे चरे पडले, अजून दिसतात आणि दर वेळी जीव हळहळतो. वरची फोकसिंग स्क्रीन, म्हणजे जिच्यावर दृश्य उमटतं ती, प्लास्टिकची, तिला अल्कोहोल लागलं की गेली. या दोघांना फक्त ब्लोअर. व्ह्यूफाइंडरमधली, म्हणजे डोळा लावून बघतो त्या खिडकीतली, धूळ फोटोत येत नाही, राहू दे. आरशाच्या पुढच्या कडेला वर जो फोम असतो तोही विरघळला असेल तर आरशावर आणि स्क्रीनखाली टिश्यू सरकवून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, थोडा थोडा काढा.

तळाचं बॅटरीचं झाकणही उघडा. या कॅमेऱ्याला मीटरचं बटणच नाही, लेन्सवर टोपी लावणं हेच ऑफ, त्यामुळे सेल आत विसरला जातो आणि फुटतो. हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर इअरबडला थेंबभर व्हिनेगर, मग अल्कोहोल, मग नीट वाळू द्या.

नवा फोम दीड-दोन मिलिमीटरचा, बारीक खाचेत काळी लोकरही चालते. रात्रभर तसंच ठेवा. लेदरची केस ओल धरते आणि बुरशी तिथूनच येते, म्हणून पावसाळ्यात कॅमेरा केसमध्ये नाही तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. पहिला रोल कामाचा टाकू नका. तो धुऊन आला की निगेटिव्हच्या कडा उजेडात धरून बघा, फोटोच्या चौकटीबाहेरही पसरलेला काळपट डाग दिसला तर उजेड अजून कुठून तरी शिरतोय, आणि बहुतेक वेळा ती जागा दाराच्या बिजागरीची असते.