झाडाखाली उभे राहू नका: घराजवळच्या धनेशाचा फोटो कसा काढावा

धनेशाचा फोटो काढायचाय म्हणून जो येतो तो आधी लेन्स विचारतो आणि मग जंगल. लेन्स तीनशे-चारशे मिलिमीटरची पुरते. जंगलाची गरज नाही. गोव्यातल्या सत्तरी, फोंडा, सांगे, काणकोण यांपैकी कुठेही कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, आसपास राहत असाल तर हा पक्षी तुमच्या परसात येतो. बोंडला, खोतीगाव ही अभयारण्यं जरूर बघा, पण एका रविवारच्या चकरेत धनेशाचा धड फोटो मिळेल ही आशा सोडा. एकच झाड रोज बघायला मिळणं महत्त्वाचं, आणि ते फक्त घराजवळ जमतं.

आधी पक्षी ओळखा. आमच्याकडे धनेशाला सर्रास 'गरुड' म्हणतात, त्याचा खऱ्या गरुडाशी काही संबंध नाही. वस्तीजवळ दिसतो तो बहुतेक वेळा मलबारी कवड्या धनेश: साधारण 65 सेंटिमीटर लांब, काळी पाठ, पांढरं पोट, पिवळट चोचीवर काळा डाग असलेलं शिंग. उडताना पंखांची मागची कड तेवढी पांढरी दिसते. पंखाच्या मधून आडवा पांढरा पट्टा, पिवळसर मान आणि पांढऱ्या शेपटीत काळा पट्टा दिसला, तर तो मोठा धनेश, जवळजवळ मीटरभर लांब. तो दिसायच्या आधी ऐकू येतो. पंखांचा आवाज लोहाराचा भाता ओढल्यासारखा. शिंगच नसलेला, राखाडी, खिदळल्यासारखा ओरडणारा लहान भाऊ म्हणजे मलबारी राखी धनेश. या लेखात कवड्याबद्दलच बोलतेय.

झाड शोधणं सोपं. वड, पिंपळ, उंबर किंवा नांद्रुक, यांपैकी जे पिकलंय ते. एकाच जातीची सगळी झाडं एका वेळी पिकत नाहीत, त्यामुळे गावात कुठे ना कुठे पंगत चालूच असते. पण एका झाडावरची पंगत थोड्याच दिवसांत उठते. खाली फळांचा सडा आणि वर हरियल, तांबट, कोकीळ यांचा गलका असेल तर झाड पिकलं. भेरली माड आणि काजरा (कुचला) हेही ध्यानात ठेवा. काजऱ्याच्या बिया आपल्याला विष, धनेश मात्र त्याच्या नारिंगी फळांवर ताव मारतो.

वेळ: उजाडल्यापासून नऊ-साडेनऊपर्यंत. पुढे उन्हात बसून फक्त घाम येतो.

आता खरी अडचण. तीन हंगाम मी घरामागच्या नांद्रुकाखाली उभी राहिले. पक्षी झाडावर येतो म्हणजे आपण झाडाखाली असावं, असं वाटतंच. फोटोत काय मिळालं? खालून दिसणारं पोट, शेपटीचं बूड आणि मागे पांढरंफटक आकाश. काळा पक्षी, काळी फांदी, जणू कोळशाने गिरगटलेलं चित्र. कॅमेऱ्याच्या दुकानात विचारलं तर मोठी लेन्स घ्या म्हणाले. घेतली. कोळसा मोठा दिसायला लागला.

उपाय सापडला तो शेजारच्या काकींमुळे. त्यांना फोटोतलं ओ की ठो कळत नाही. त्यांचं घर आमच्याहून वरच्या अंगाला, चढावर. रोज सकाळी त्या वरून हाक मारायच्या, "गरुड आयलो मरे!" आणि मी खाली मान मोडून शोधत बसायचे. एकदा वैतागून त्यांच्या अंगणात गेले. नांद्रुकाचा शेंडा अगदी डोळ्यांसमोर, त्यावर धनेश चहाच्या टेबलापलीकडे बसल्यासारखा, आणि त्याच्या मागे आकाश नाही, समोरच्या डोंगराची गडद हिरवी सावली. तीन वर्षं मी चाळीस पावलं चुकीच्या जागी उभी होते.

कुळागर पाण्याच्या आधाराने सखल भागात लावलेलं असतं, आजूबाजूला उतार असतो. हा उतारच तुमचा मचाण. शेंडा डोळ्यांच्या पातळीवर येईल इतकं वर चढा. झाडापासून तीस-चाळीस मीटर लांब बसा, त्याहून जवळ नको. सूर्य तुमच्या पाठीमागे हवा, म्हणजे बैठक झाडाच्या पूर्वेला. आदल्या संध्याकाळी तिथे जाऊन एकच गोष्ट तपासा: शेंड्याच्या मागे काय दिसतं? आकाश दिसलं तर जागा चुकली, मग तिथून कितीही सुंदर दिसो. उतार नसेल तर शेजाऱ्याची गच्ची किंवा माडी चालते. तेही नसेल तर मागे सरका. पंधरा मीटर उंच झाडाच्या बुंध्याशी उभं राहिलं की मान आभाळाला लागते. साठ मीटर मागे गेलात की शेंड्याकडे बघायचा कोन पंधरा अंशांच्या आत येतो. पक्षी फोटोत लहान येईल, येऊ द्या. हिरव्या पार्श्वभूमीवरचा लहान धनेश हा आकाशातल्या मोठ्या कोळशापेक्षा कधीही बरा.

आणि उजाडायच्या आधी, अंधारातच जाऊन बसा. जांभ्या दगडाच्या गडग्याला पाठ टेकली की तुमची आकृती मोडते आणि पाठही धरत नाही. पक्षी आल्यावर जवळ सरकायचं नाही, उठायचं नाही. तो आधी शेजारच्या उंच झाडावर बसून सगळं निरखतो. त्याच वेळी तुम्ही उठलात तर त्या दिवशीचं संपलं.

एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा याबद्दल, फार चुकीचे सल्ले फिरतात. "पक्षी काळा आहे, वाढवून ठेव" हा त्यातला सर्वात वाईट. मागे आकाश असेल तर तो खरा, पण तिथे आपण बसलेलोच नाही. मागे गडद डोंगर असला की कॅमेरा स्वतःच फोटो उजळ करतो आणि पांढरं पोट, पिवळट शिंग भाजून निघतं. पिसांची एक रेषही उरत नाही. तिथे उलट दोन तृतीयांश स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं, तर या पक्ष्यावर वापरूच नका. ठिपका कधी काळ्यावर, कधी पांढऱ्यावर पडतो आणि प्रत्येक फोटो वेगळा येतो. मी कॅमेरा मॅन्युअलवर ठेवते, म्हणजे उजेड स्वतः ठरवते: पक्षी यायच्या आधी त्याच उजेडातल्या हिरव्या पानांवर माप घ्यायचं, त्यातून दोन तृतीयांश स्टॉप उतरवायचं, आणि उजेड बदलेपर्यंत हात लावायचा नाही. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवा. काळ्या पिसांतून तपशील नंतर वर काढता येतो, जळालेल्या पांढऱ्यातून नाही. मोबाइल असेल तर पक्ष्यावर बोट दाबून धरा आणि उजेडाची खूण थोडी खाली ओढा. सकाळी डोंगराची सावली झाडावर असते तो अर्धा तास लोक वाया गेला समजतात. काळ्या-पांढऱ्या पक्ष्याला तोच उजेड सर्वात चांगला.

शटर: बसलेल्याला 1/500, उडत्याला 1/1600.

धनेशाची जीभ आखूड असते, म्हणून फळ चोचीच्या टोकात धरून तो मान मागे झटकतो आणि ते हवेतून घशात टाकतो. फळ हवेत दिसल्यावर बटण दाबलंत तर उशीर झाला. चोच बंद होऊन क्षणभर स्थिर राहते, तेव्हाच दाबायला सुरुवात करा. शटर 1/1000 हवं. दहा झटक्यांत एक सापडतो.

फेब्रुवारी-मार्चपासून झाडावर एकटाच पक्षी येऊ लागला तर तो बहुधा नर. मादी ढोलीत शिरून आतूनच तोंड लिंपून घेते, चोच निघेल एवढी फट ठेवते, मग अंडी घालते आणि दोन-अडीच महिने आत राहते. तिचं आणि पिल्लांचं पोट त्या एका नरावर. तो ढोलीकडे जाताना दिसला तर कॅमेरा बंद करून उलट्या पावली फिरा. ढोलीसमोर तिपाया लावून बसलेल्यांची रांग मी पाहिलीय. नर चोचीत फळ घेऊन समोरच्या झाडावर ताटकळत होता, उतरत नव्हता. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावणं हाही तसलाच अडाणीपणा. धनेशाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पण त्या नराकडे बघून कायदा आठवायची गरज पडू नये.

घरी आल्यावर फोटोआधी वही उघडा. कुठलं झाड, फळं कधी पिकली, पक्षी किती आणि किती वाजता. आमच्या नांद्रुकाची तारीख दर वर्षी सरकते, त्यामुळे फळं हिरवी असल्यापासून मी दोन-तीन दिवसांनी काकींच्या अंगणात चक्कर टाकते. चहा होतोच.