जुनी मर्सिडीज १२४ घरच्या घरी सांभाळताना: आधी वायर बघा, मग रबर

मर्सिडीजचं भारतातलं उत्पादन १९९५ साली पुण्यात, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात सुरू झालं, आणि पहिली गाडी होती डब्ल्यू १२४; हा कंपनीचा त्या मॉडेलसाठीचा कोड. त्या गाड्या आता तिशीच्या घरात आहेत. पत्रा भक्कम, इंजिन दणकट, दार अजूनही भारदस्त आवाज करत बंद होतं. तरीही बऱ्याच गाड्या कव्हरखाली पडून आहेत, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं, ‘इंजिन काढावं लागेल.’

मी भोसरी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचं काम करते. माझी गाडी ई २२० आहे, पेट्रोल, हाती गिअरची. दिवसभर मशीनचे फॉल्ट शोधायची सवय असल्यामुळे या गाडीकडेही मी तसंच बघते: पार्ट बदलायच्या आधी मोजायचं. या गाडीचं लोखंड सहसा दगा देत नाही. तीस वर्षांत म्हातारं होतं ते वायरवरचं प्लास्टिक, जोडांमधला कॉन्टॅक्ट आणि ठिकठिकाणचं रबर. ‘मोठ्या’ म्हणून सांगितलेल्या बिघाडांचं मूळ बहुतेक वेळा यातच निघतं.

सामान फार लागत नाही. चांगला मल्टिमीटर, ८ ते १९ चे रिंग पाने आणि सॉकेट, टॉर्क पाना, दोन मजबूत घोड्या (उचललेल्या गाडीखाली लावायचे स्टँड), कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, बारीक पॉलिश पेपर आणि डोक्याला लावायची बॅटरी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. सिलखालची (दाराखालच्या पट्टीखालची) जॅकची जागा गंजलेली नाही ना, ते आधी बघा. तिथला पत्रा आत दबत असेल तर गाडी तिथून उचलू नका.

फ्यूज बॉक्स

पहिला अर्धा तास इथे घालवा. या गाडीत पात्याचे फ्यूज नाहीत, दोन्ही टोकांना निमुळते गोळीसारखे फ्यूज आहेत: पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा, निळा २५ चा. दोन स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये ते नुसते दाबून बसवलेले असतात. पावसाळ्यातली दमट हवा आणि वर्षानुवर्षांची उष्णता यांनी त्या टोकांवर थर धरतो. फ्यूज उडालेला नसतो, पण करंट नीट जात नाही. काच मध्येच अडकते, इंडिकेटर मध्येच थांबतो, एसीचा ब्लोअर मध्येच दम टाकतो. असा ‘मध्येच’ होणारा फॉल्ट असेल तर आधी इथेच यायचं.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. रेडिओला कोड असेल तर तो आधीच हाताशी ठेवा. झाकण उघडून प्रत्येक फ्यूज बोटांनी जागच्या जागी चार-पाच वेळा गोल फिरवा. एवढ्यानेच कितीतरी गोष्टी चालू होतात. पण तिथे थांबू नका. एकेक फ्यूज काढा, पट्ट्यांची टोकं पॉलिश पेपरने हलकेच घासा, स्प्रे मारा आणि नवा फ्यूज बसवा. नवे फ्यूज तांब्याच्या पट्टीचे घ्या, ॲल्युमिनियमच्या पट्टीचे लवकर काळे पडतात. पूर्ण सेट स्वस्त मिळतो. एखादी पट्टी ढिली वाटली तर चिमट्याने किंचित आत वळवा. एखाद्या फ्यूजजवळ प्लास्टिक वितळलेलं दिसलं तर मोठा फ्यूज घालायचा नाही. त्या लाइनवरची मोटर जास्त करंट का खेचतेय, ते शोधायचं.

बॅटरी चांगली, तरी सेल्फ मरगळलेला

अशा वेळी लोक बॅटरी बदलतात, मग स्टार्टर बदलतात. मी आधी अर्थिंग मोजते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.४. हे ठीक असेल तर मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लिपवर नाही, खुंटावरच) आणि लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर घासून उघड्या केलेल्या धातूवर. आता दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा.

माझा भाचा पहिल्यांदा मीटर धरून उभा होता तेव्हा ओरडला, “मावशी, शून्य पूर्णांक नऊ दाखवतंय!” म्हणजे स्टार्टरच्या वाट्याचा जवळपास एक व्होल्ट परतीच्या वाटेवरच संपत होता. तो आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी खाली तेला-धुळीत असते. ती सोडवली तर टोकाखाली हिरवट-काळा थर निघाला. दोन्ही बाजू घासल्या, दातेरी वॉशर घातला, वरून थोडी व्हॅसलीन. पुन्हा मोजलं, ०.१. स्टार्टरला हात लावावाच लागला नाही. हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूलाही करता येते, बॅटरीच्या खुंटापासून स्टार्टरच्या जाड टर्मिनलपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

इंजिनाची वायरिंग

पेट्रोलची १२४ घेतलेल्या प्रत्येकाने हे वाचावंच. साधारण १९९२ ते १९९५ या काळात मर्सिडीजच्या अनेक इंजिनांच्या वायरिंगवर जे आवरण होतं, ते उष्णतेने कडक होऊन गळून पडतं. ई २२० चं एम १११ इंजिन त्यातलंच. लक्षणं: आयडलिंग वर-खाली होतं, गरम झाल्यावर मिसिंग मारतं, सकाळी ठीक आणि दुपारी बंद. मग प्लग, कॉइल, एअर मास सेन्सर असं एकेक बदललं जातं आणि दोष तिथेच राहतो.

तपासणी सोपी आहे, पण हात हलका हवा. इंजिन थंड असताना, बॅटरी सोडवून, सेन्सरच्या एखाद्या सॉकेटजवळ काळी नळी बोटभर मागे सरकवा आणि आतली एक वायर अगदी थोडी वाकवा. आवरण शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटून तांबं दिसलं, तर निदान झालं. आणखी वाकवून बघू नका आणि गाडी चालवूही नका. उघड्या दोन वायरी एकमेकींना लागल्या तर कंट्रोल युनिट (इंजिनाचा कॉम्प्युटर) जळू शकतं, आणि तो खर्च वायरिंगच्या कितीतरी पट आहे. नळी धडधाकट दिसते म्हणून समाधान मानू नका, आतलं आवरण बघितल्याशिवाय काहीच कळत नाही.

उपाय दोनच. नवी वायरिंग मिळाली तर बॉक्सवरची उत्पादनाची तारीख बघून घ्या, जुन्या काळातली कपाटात पडून राहिलेली नको. नाहीतर तीच वायरिंग काढून नव्याने भरायची. मी हा दुसरा मार्ग घेतला. काढण्याआधी प्रत्येक वळणाचे फोटो, प्रत्येक टोकाला नंबरची चिठ्ठी. वायर एका वेळी एकच बदलायची: जुन्याइतक्याच जाडीची, शक्य तर त्याच रंगाची. घरच्या फिटिंगची पीव्हीसी वायर अजिबात वापरायची नाही, तिचं आवरण ७० अंशांसाठी असतं आणि बॉनेटखाली त्याच्या बरंच वर जातं. सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची वायर घ्या. टोकं योग्य पक्कडीने क्रिंप करा, शेवटी प्रत्येक वायर मीटरने या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि शेजारच्या वायरीशीही तपासा. थ्रॉटलला (इंजिनात जाणाऱ्या हवेच्या झडपेला) इलेक्ट्रॉनिक ॲक्च्युएटर, म्हणजे ती हलवणारी मोटर, असेल तर त्याच्या आतल्या वायरी त्याच आवरणाच्या असतात. त्या राहिल्या तर अर्धं काम झालं असं समजा.

फॉल्ट कोड वाचायचे असतील तर बाजारातला साधा १६ पिनचा स्कॅनर या गाडीला बसत नाही. बॉनेटखाली ३८ भोकांचं गोल सॉकेट आहे, त्याला वेगळा ॲडॅप्टर लागतो. कोड ‘ऑक्सिजन सेन्सर’ म्हणाला म्हणून लगेच सेन्सर मागवू नका. आधी त्याच्या वायरी बघा.

गाडी गरम होते

काट्यावर ८० ते १०० च्या मधे कुठेही असणं पुण्याच्या उन्हाळ्यात आणि ट्रॅफिकमध्ये ठीक आहे. त्यापुढे चढत राहिला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर टाका, गाडी बाजूला घ्या. कूलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडायचं नाही.

आधी पुढचे इलेक्ट्रिक पंखे बघा. एसी चालू ठेवून थोडा वेळ थांबलं की ते मंद वेगाने फिरायला हवेत. फिरत नसतील तर त्यांना फ्यूज लावलेल्या वायरने थेट बॅटरी द्या. थेट फिरतात आणि एसीवर फिरत नाहीत, म्हणजे बहुधा मंद वेगासाठीचा रेझिस्टर किंवा रिले गेलाय, मोटर नव्हे. मग रेडिएटरचा वरचा होज जिथे बसतो ते प्लास्टिकचं तोंड बघा. तपकिरी पडलेलं, बारीक चरा गेलेलं असेल तर रेडिएटर बदला, इथे जुगाड करू नका. ते तोंड घाटात तुटलं तर सगळं पाणी क्षणात जातं आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

कूलंट मर्सिडीजने मान्य केलेलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून नुसतं पाणी भरणारे पुष्कळ आहेत, त्यातही बोअरचं. त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि गंज वेगळाच.

पेट्रोलचे रबरी होज

पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास मिळतं आणि ही गाडी त्या काळची नाही. मागच्या ॲक्सलजवळ, गाडीखाली प्लास्टिकच्या आवरणात पंप आणि फिल्टर आहेत. तिथले रबरी होज बोटांनी दाबून बघा: चिकट, फुगलेले, भेगाळलेले असतील तर सगळे एकदम बदला. इंजेक्शनच्या दाबाचाच होज घ्या, ज्यावर आर ९ छापलेलं असतं. कार्बोरेटरचा साधा पाइप हा दाब धरत नाही. काम थंड गाडीवर, मोकळ्या हवेत, बॅटरी सोडवून. टाकीचं झाकण उघडा आणि जोड सैल करताना त्यावर फडकं गुंडाळा, कारण आत दाब शिल्लक असतो.

उरलेलं रबर भराभर सांगते. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं ते इंजिन माउंट बसल्यामुळे. गिअर टाकताना मधून ठक् आवाज येतो, तर प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या) रबरी चकत्या बघा, बोल्टच्या भोकांभोवती भेगा पडतात. त्या काढताना नट फिरवायचा, बोल्ट धरून ठेवायचा, आणि नट प्रत्येक वेळी नवे. सेंट्रल लॉक हवेवर चालतं. मागच्या सीटखालचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळ घुरघुरत असेल तर कुठेतरी गळती आहे. पंपापासून निघणाऱ्या नळ्या एकेक करून चिमटून धरा, जी धरल्यावर पंप लवकर थांबतो त्या दाराकडे जा. एकुलता एक वायपर अडखळत असेल तर मोटर विकत घेण्याआधी त्याच्या यंत्रणेत नवं ग्रीस भरा. तो नुसता फिरत नाही, आत-बाहेरही सरकतो, म्हणूनच एकटा काचेचा ८६ टक्के भाग पुसतो.

पार्ट घेताना नाव सांगू नका, नंबर सांगा. १२४ ने सुरू होणारा नंबर या बॉडीसाठी काढलेला, १११ ने सुरू होणारा या इंजिनासाठी, २०१ किंवा २०२ असेल तर तो धाकट्या मॉडेलसाठी काढून इथेही वापरलेला. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत जुना पार्ट बघताना त्यावर उठवलेला नंबर पुसून वाचा. दाराची हँडलं, काचेची मशीनं, स्विच, ट्रिम जुने घ्यायला हरकत नाही. ब्रेकचं काही, रबराचं काही आणि इंजिनाची वायरिंग जुनी कधीच नाही.

ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल पितं. चाकाला इथे नट नाहीत, बोल्ट आहेत, पाचही ११० न्यूटन मीटरला आवळायचे आणि थोडं चालवून पुन्हा तपासायचे.

दोन कामं मात्र घरी करू नका. एक, एअरबॅगच्या वायरीत मीटर घालणं. दुसरं, पुढची स्प्रिंग काढणं. या गाडीत ती शॉकॲब्सॉर्बरवर नसून वेगळी, खालच्या आर्मवर दाबून बसवलेली असते आणि तिला आतून धरणारा खास कॉम्प्रेसर लागतो. बाजारातले बाहेरून अडकवायचे दोन हुक तिच्यावर निसटतात. ज्याच्याकडे ते हत्यार आहे असा फिटर शोधा आणि बुश, बॉल जॉइंट त्याच वेळी बदलून घ्या, म्हणजे स्प्रिंग पुन्हा काढावी लागणार नाही.