नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सांकेतिक भाषा शिकवताय? या चुका टाळा

सांकेतिक भाषेचा वर्ग म्हटला की पहिले तास हमखास ए टू झेडमध्ये जातात. पोरी आपापली नावं बोटांनी लिहितात, टाळ्या पडतात. पुढं नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात पोस्टिंग लागली की त्यातलं फारसं कामी येत नाही. काटोल-उमरेडकडून आलेल्या कर्णबधिर पेशंटला इंग्रजी स्पेलिंग येत असेलच असं नाही. अक्षरं नंतर घ्या. आधी खाटेपाशी लागणारे प्रश्न शिकवा: कुठं दुखतं, कधीपासून, जेवलात का, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे.

यूट्यूबवर सापडेल तो व्हिडिओ लावू नका. अमेरिकन अक्षरं एका हाताची, आपली दोन हातांची, खुणाही निराळ्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०२१ मध्येच १०,००० शब्दांवर गेला, तो वापरा. तरी शिकवायला कर्णबधिर शिक्षकच हवा. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयात चौकशी करा. आणि मानधन द्या हो, 'समाजसेवा' म्हणून फुकट बोलावणं बरं दिसत नाही.

सगळ्यात चिवट अडचण चेहऱ्याची. हात बरोबर चालतात, चेहरा मात्र व्हायव्हाला बसल्यासारखा ताठ. 'दुखतं' आणि 'दुखतं का?' यांत हाताची खूण तीच राहते. प्रश्न भुवयांत असतो. वॉर्डात मास्क अर्धा चेहरा झाकतो, म्हणून सरावही मास्क लावूनच घ्या. भुवया उचलल्या नाहीत तर समोरच्यानं उत्तरच द्यायचं नाही, असा नियम ठेवा. आठवडाभरात फरक दिसतो.

मुलांच्या नोट्समध्ये सहसा नसलेली गोष्ट म्हणजे सलाईनचा हात. पेशंट कोणत्या हातानं जास्त खुणा करतो ते आधी बघायचं. त्याच हाताला इन्ट्राकॅथ (सलाईनची नळी) लावून पट्टी गुंडाळली की त्याचं बोलणंच बंद.

पेशंटनं मान डोलावली म्हणजे समजलं, असं धरू नका. गोळी कधी, किती घ्यायची ते त्यालाच करून दाखवायला सांगा. बोलताना नजर त्याच्याकडे, सोबतच्या सुनेकडे नाही.

खुणाच जुळत नसतील तर? शाळेत न गेलेल्या पेशंटच्या खुणा घरच्या असतात, तिथं शब्दकोशाचा हट्ट नको. चित्र काढा, घड्याळ दाखवा, किती दुखतं ते दाखवणाऱ्या चेहऱ्यांचा तक्ता पुढं करा. आणि कोणती खूण कशासाठी, ते केसपेपरला लिहून ठेवा, म्हणजे नाइटच्या सिस्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.