घरातलं माणूस गेल्यानंतरचा पहिला नाताळ: लघुपट करताना या चुका टाळा

कुटुंबाच्या दुःखावरचा नाताळपट बहुतेक वेळा शेवटच्या तीन मिनिटांत फसतो. आई गुडघे टेकते, प्रार्थना म्हणते आणि पुढच्याच शॉटमध्ये घर हसायला लागतं. श्रद्धा म्हणजे रडू थांबवायचं औषध नव्हे. मेलेल्या लाजाराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडला (योहान 11:35). ख्रिस्तजन्माच्या वृत्तांतातही मुलांसाठी रडणारी, सांत्वन नाकारणारी राहेल आहे (मत्तय 2:18). म्हणून प्रार्थना संहितेच्या मध्यावर आणा आणि तिच्यानंतरही घरातला अबोला तसाच राहू द्या. शेवटी माणसं एकत्र येऊ देत, पण एखादं काम करता करता.

हे काम आधीच पेरावं लागतं. गेलेला माणूस फक्त भिंतीवरच्या फोटोत दाखवला, की नटांना त्याच्याकडे बघून डोळे पुसण्यापलीकडे काही उरत नाही. नाताळात तो काय करायचा ते ठरवा. समजा, गच्चीवर चांदणी तोच लावायचा. मग माळ्यावरून खोकं खाली येतं, वायरला त्याच्याच हाताची गाठ असते, होल्डरला गेल्या वर्षीची चिकटपट्टी असते आणि ती गाठ कुणाला सोडवत नाही. एवढ्यावर चार मिनिटांचा प्रसंग उभा राहतो, एकही संवाद न घालता. (कागदी चांदणीत 5 ते 7 वॅटचाच एलईडी लावा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो.)

घर कुठल्या मंडळीचं, म्हणजे कुठल्या चर्चचं, हेही पहिल्या दिवशीच ठरवा. कॅथलिक घरात मृताच्या आत्म्यासाठी मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) अर्पण होते. प्रोटेस्टंट घरात सहसा मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी करतात. कोल्हापुरात प्रोटेस्टंट अमेरिकन मिशनचं काम 1852 पासूनचं, त्यामुळे ही गल्लत इथल्या प्रेक्षकाला लगेच खटकते. कापसाचा बर्फ तर नकोच. डिसेंबरच्या पहाटेचं धुकं आपल्याकडे फुकट मिळतं.

मेणबत्तीच्या प्रसंगात कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाचं सेटिंग) ऑटोवर राहिला, तर ज्योतीची ऊब निघून जाते. तो हाताने 3200 केल्व्हिनवर ठेवा. चेहरा काळा पडत असेल, तर फ्रेमबाहेर खालच्या बाजूला आणखी तीन-चार मेणबत्त्या लावा. शोभेच्या माळांमुळे पडद्यावर पट्टे सरकत असतील, तर सेकंदाला 25 फ्रेम असताना शटर 1/50 सेकंद ठेवा. तरीही पट्टे दिसले, तर दोष माळेच्या कंट्रोलरचा. माळ बदला.

सर्वात जास्त नुकसान आवाजात होतं. हंगामात उसाचे ट्रॅक्टर रात्रीही मोठ्याने गाणी लावून जातात, म्हणून रस्त्याकडेच्या खोलीत कुजबुजीचा प्रसंग लावूच नका. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचा राहत नाही. प्रार्थना पुटपुटता पुटपुटता अचानक हुंदका फुटतो आणि आवाज फाटतो. रेकॉर्डरवर त्याच आवाजाचा दुसरा ट्रॅक 10 ते 12 डेसिबलने खाली ठेवला, तर तो टेक वाचतो. तसा हुंदका पुन्हा मागून मिळत नाही. प्रत्येक खोलीतली शांतता एक मिनिट वेगळी रेकॉर्ड करा. प्रसंगात नाताळचं गीत असेल, तर पेटीचा सूर सगळ्या टेकमध्ये एकच हवा. एकदा काळी एक, एकदा काळी दोन झालं, की संकलनात जोड बसत नाही. कडव्याच्या मध्येच कुणाचा आवाज थांबला, तर कॅमेरा चालू ठेवा आणि बाकीच्यांना गाऊ द्या. ख्रिस्ती गीतं लिहिणारे रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये गेले, त्यामुळे त्यांचे शब्द वापरायला मोकळे आहेत. बाजारातलं तयार रेकॉर्डिंग मात्र तसं मोकळं असेलच असं नाही. गीत स्वतःच गाऊन घ्या.

चर्चमध्ये शूटिंगसाठी डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा मागणं ही हमखास चूक. उपासना, कॅरल, मुलांची नाटुकली यांत पाळकांना उसंत नसते आणि खऱ्या शोकात असलेली कुटुंबंही त्या बाकांवर बसलेली असतात. त्यांच्यावर कॅमेरा रोखू नका. जानेवारीचा पहिला आठवडा मागा. अनेक ठिकाणी सजावट 6 जानेवारीपर्यंत असते, थंडीही असते आणि मंडळीच्या कमिटीला तुमच्याशी नीट बोलायला वेळ असतो.

चित्रपटात मूल असेल तर बालकलाकारांचे 2017 चे नियम पाहा. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्या. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नको. रडवण्यासाठी मुलाला त्याच्या घरातल्या मृत्यूची आठवण कधीही करून देऊ नका. त्याला फक्त ती गाठ सोडवायला सांगा, आणि गाठ खरोखर घट्ट बांधा.